शेवटच्या रांगेचे पट्टे

४ फेब्रुवारी

आज हसला तो! दादाच्या जागेवर उभा राहून हसला. जहाजाच्या गोल दाराशी, जिथे उभा राहून दादा जन्मभर पट्टे ओढत आला, बरोब्बर तिथे. नव्या भरतीला सांगत होता, "इथे चुकीला माफी नाही." माझ्या हातात फोम कापायची सुरी होती. ती खाली ठेवली, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

इस्त्री म्हणते मी त्याला. तोंडावर साहेब, वहीत इस्त्री. आम्ही सगळे त्या पांढऱ्या डगल्यात घामानं निथळतो आणि ह्याच्या शर्टाला एक सुरकुती नाही! कॉलर अशी की बोट कापेल.

ह्याला मी सोडणार नाही. लिहून ठेवतेय, म्हणजे उद्या दया-बिया आली तर पान उघडून वाचता येईल.

५ फेब्रुवारी

खालची शेजारीण जिन्यात विचारत होती, "तुमच्या जहाजात माणूसच नसतो म्हणे. मग एवढं सामान सांभाळतं कोण?" म्हटलं, पट्टा सांभाळतो. ती हसली. तिला विनोद वाटला.

विनोद नाही तो. जहाज सुटताना असं हादरतं की बघवत नाही, आणि आत पडलेलं उचलायला कुणी नाही. दोन दिवसांनी आपलं आपण वर जाऊन अंतराळातल्या स्टेशनला जोडलं जातं. तेव्हा सगळं वजन आम्ही ठेवलं तिथेच असावं लागतं. एक जड पिशवी सुटली की अख्खं जहाज डुलायला लागतं. गेल्या वर्षी तेच झालं. दारालगतच्या शेवटच्या रांगेतली एक पिशवी पट्ट्यातून सुटली. जहाज दोनदा मागे घ्यावं लागलं, तिसऱ्यांदा कसंबसं जोडलं. दार उघडलं तर त्या पिशवीनं शेजारचा शीतपेटारा धडका मारमारून फोडलेला. थोडक्यात निभावलं. स्टेशनवर आदळलं असतं तर वरची सहा माणसं गेली असती.

चौकशी बसली. शेवटची रांग दादाची आणि माझी, कायमचीच. प्रत्येक पिशवीचे डावीकडचे पट्टे माझे, उजवीकडचे त्याचे; आधी कुठला सुटला ते कुणालाच सांगता येईना. दादानं मान खाली घालून सांगितलं, "सुटला तो माझ्या बाजूचा. मीच बांधला होता." मिटलं. नोकरी गेली. इस्त्री शेजारच्याच खुर्चीत बसला होता. दादाच्या हाताखाली शिकलेला, आमच्या घरी जेवून वाढलेला माणूस! तोंडातून चकार शब्द काढला नाही.

दादाचा पट्टा सुटेल? अशक्य! त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती, आपली बाजू बांधून तो दुपारीच डॉक्टरकडे गेला. माझी बाजू उरकून मीही गेले. मागे राहिला इस्त्री. दाराची किल्ली इस्त्रीकडे. त्यानंच नंतर दार उघडलं असणार, कुठली तरी उशिरा आलेली पिशवी कोंबली असणार आणि स्वतःच्या त्या गुळगुळीत हातांनी पट्टा लावला असणार. आणि भोगलं कुणी? दादानं.

वर मला पट्ट्यांवरून काढून फोम कापायला बसवलं. बहीण पडले ना मी त्याची!

९ फेब्रुवारी

इस्त्रीच्या चहात मीठ घातलं. पोरकटपणा आहे, कळतं मला. त्यानं एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, कप खाली ठेवला. कुणाला काही बोलला नाही. बोलशील कशाला! ही तर सुरुवात आहे.

१३ फेब्रुवारी

सुट्टी. दादाकडे जाऊन आले. तो आता बस डेपोत पार्सलच्या खिडकीवर आहे. लोकांची गाठोडी, खोकी, मोडक्या सायकली. ज्या हातांनी आकाशात सामान पाठवलं ते हात आता कुणाच्या तरी गाद्या बांधतात.

वहिनींनी दार उघडलं. "या ताई. आतच आहेत." टेबलाशी बसून चार्जरच्या वायरींच्या सुरळ्या करत होता. एकीएकीला रबर लावून ओळीनं मांडत होता. मी सरळ विषयालाच हात घातला.

"दादा, मी त्याला धडा शिकवणार आहे."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे!"

"सोड ना गं आता. पट्टा सुटला, मी बांधला होता, विषय संपला."

"तुझा पट्टा? मला शेंड्या लावू नकोस."

त्यानं आणखी एका वायरीला रबर लावलं. मग एकदम विचारलं, "तुला अजून फोमवरच ठेवलंय ना त्यानं?"

"हो ना! मुद्दाम."

"बरं आहे," म्हणाला.

बरं आहे!! हा माणूस इतका खचलाय की बहिणीचा अपमानसुद्धा ह्याला बोचत नाही. हे कुणी केलं? इस्त्रीनं केलं. निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "ताई, झोपेत हात हलतात ह्यांचे. हवेत काहीतरी ओवत असतात." मला बसमध्ये रडू आलं. शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली. तिला वाटलं असेल, कुणी तरी गेलंय.

१६ फेब्रुवारी

अंगठ्याला हा भलामोठा फोड. गोदामातली एकूण एक कात्री उजव्या हाताची. डावखुरी मी एकटीच! आज फोम कापताना पातं तिरकं गेलं. इस्त्री मागे उभा होता, म्हणाला, "डाव्या हाताची कात्री मागवलीय तुझ्यासाठी." उपकार! तुझी कात्री तुलाच लखलाभ.

बाबा आठवले. जेवायला आणि अभ्यासाला बसले की माझा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधायचे. त्यांचा जुना कमरेचा पट्टा होता, त्यानंच. "खोड मोडली पाहिजे." दादा पेन्सिल पडल्याचं सोंग करून टेबलाखाली जायचा आणि बकल सोडायचा. एकदा सापडला. तोच पट्टा मग त्याच्या पाठीवर. त्या संध्याकाळी आम्ही दोघं पलंगाखाली लपलो होतो. वळ दुखत होते तरी मला म्हणाला, "तू नको रडू. ह्यापुढे तुझ्या हाताला कुणी चूक म्हणणार नाही. मी म्हणू देणार नाही."

आणि नाहीच म्हणू दिलं. गोदामात मला त्यानंच लावलं. उलट्या हाताची म्हणून एकजण दात काढायला लागला, तर दादानं त्याला सगळ्यांसमोर असा फैलावर घेतला की तो पुन्हा माझ्या वाटेला गेला नाही. दादाची खोड म्हणाल तर एकच. मी माझ्या बाजूचे पट्टे बांधून पुढे सरकले की हा मागून येऊन माझं काम उसवायचा आणि परत लावायचा. खट, खट, खट. मी वैतागायचे. "भरवसा नाही का माझ्यावर?" तर हसायचा. "आहे गं. मला नुसतं बसवत नाही, हातांना काहीतरी चाळा लागतो."

असा माणूस. ह्याचं वाटोळं करणारा मोकळा फिरतोय, कॉलर ताठ करून.

२० फेब्रुवारी

विमावाली आली होती. आखूड केस, आवाज न करणारे बूट. पुढच्या जहाजाचा विमा उतरवायचा तर गेल्या वर्षीचं नीट उकरून काढल्याशिवाय सही करणार नाहीत म्हणे. एकेकाला त्या छोट्या खोलीत बोलावलं. तिथे कुंडीत प्लास्टिकचं झाड आहे, धुळीनं तेही मेलंय.

मला विचारलं, "तुम्ही दोघं गेल्यावर दार पुन्हा कुणी उघडलं असण्याची शक्यता वाटते?"

मी म्हटलं, "शक्यता कसली? पाहिलंय मी. साहेबांनी उघडलं, आत गेले, दारालगतची पिशवी हलवली."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"ह्या डोळ्यांनी."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"नोकरीची भीती. भावाची गेली, माझीही जायची."

इतकं सहज आलं तोंडातून! आवाजसुद्धा बरोबर जागी कापला. तिनं पाणी पुढे केलं.

पाहिलं नाही मी. मी तेव्हा घरच्या बसमध्ये होते. पण दुसरं झालं काय असणार? आहे ते खरंच आहे, फक्त मी ते पाहिलेलं नाही. एवढाच फरक.

२१ फेब्रुवारी

झोप झकास लागली.

२५ फेब्रुवारी

गेला!! चौकशी संपेपर्यंत गोदामात पाय ठेवायचा नाही! विमावालीचं पत्र आलं आणि तासाभरात वरून हुकूम.

खोका घेऊन निघाला. आत मग, छत्री, जादा बूट आणि टेबलावरचा तो छोटा पंखा. सगळे मान खाली घालून कामात असल्याचं दाखवत होते. माझ्या टेबलाशी थांबला. हळू आवाजात म्हणाला, "तू काय सांगितलंस ते मला कळलंय. असू दे. एवढं एकच ऐक. पट्ट्यांना हात लावू नकोस."

म्हटलं, "जाता जाताही हुकूम सोडायची हौस फिटत नाही वाटतं?"

"दादाला विचार."

दादाचं नाव! ह्याच्या तोंडून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ज्याला बुडवलंत त्याचं नाव घेऊ नका, साहेब."

तो आणखी काहीतरी बोलणार होता. खोका सावरला. गेला. दाराशी खोक्याचा तळ फाटला आणि बूट, मग, सगळं खाली. उचलायला कुणी पुढे झालं नाही. मी तर खुर्ची वळवून नीट बघत बसले. वाकून वाकून गोळा करत होता.

किती दिवसांनी भूक लागलीय मला.

दादाला अजून सांगायचं नाही. जहाज उडू दे, मग सगळं एकदम सांगेन.

२८ फेब्रुवारी

नवा साहेब आला. दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून आणून बसवलाय. तारखेला घाबरतो. सारखा विचारतो, "होईल ना वेळेत?" शेवटच्या रांगेला हात कमी पडतायत. मी उभी राहिले.

म्हणाला, "जुने साहेब बजावून गेलेत, तुम्हाला पट्ट्यांवर घेऊ नये. कारण नाही सांगितलं."

"मी त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली. ते माझ्याबद्दल दुसरं काय सांगणार?"

त्यानं मान हलवली. समजूतदार आहे. म्हणजे सोपा आहे.

४ मार्च

बांधली! अख्खी शेवटची रांग, माझी बाजू आणि दादाचीही!

ह्या खेपेला दारालगत मोठा पंप आहे. वरचं हवा साफ करायचं यंत्र धापा टाकतंय. हा पंप पोहोचला नाही तर सगळ्यांना स्टेशन सोडून खाली यावं लागेल. चौघांनी मिळून आत सरकवला, एखाद्या लठ्ठ आजारी माणसाला पलंगावर निजवावं तसा. पिशवीत भरला, चारी बाजूंनी फोम, आणि मग पट्टे. आठ.

पट्टा हातात आला आणि बोटांना सगळं आठवलं. बकलात ओवला, ओढला, खाली दाबला, उरलेलं शेपूट सुरळी करून चिकटवलं. डावा हात असा चालत होता की विचारू नका. मागे कुणी नाही, खटखट नाही, उसवणं नाही. किती मोकळं! दादावर माझा जीव आहे, पण एवढं खरं की त्याच्या त्या चाळ्यापायी माझं काम कधी माझं म्हणून उभंच राहिलं नव्हतं.

तपासनीस आला. एकेक पट्टा ताण मोजायच्या काट्यानं ओढून बघितला. "घट्ट," म्हणाला. आठही वेळा घट्ट. त्याची सही, नव्या साहेबाची सही, दार बंद.

इस्त्री, बघायला हवा होतास!

७ मार्च

दुकानात दिसला. साबणाच्या फळीशी उभा होता, एकच वडी उलटसुलट करून बघत. आणि शर्ट — चुरगळलेला! पाठीवर सगळ्या चुण्या! मी मुद्दाम शेजारून गेले. त्यानं विचारलं, "फोमवरच आहेस ना?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?"

साबण न घेताच बाहेर पडला. घरी येईपर्यंत मी गुणगुणत होते.

१० मार्च

उडालं!

आम्ही सगळे गच्चीवर होतो. आधी उजेड, मग आवाज, मग छातीत धडधड. गच्चीचे पत्रे थरथरत होते, चहाचे कप कठड्यावरून आपोआप सरकत होते. एक पडून फुटलाही. लोक टाळ्या वाजवत होते. मी नव्हते वाजवत. मी मनात म्हणत होते, दादा, हे तुझं. तुझी जागा परत घेतली. ज्यानं तुला हाकललं तो घरी साबण मोजत बसलाय.

नवा साहेब माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून."

परवा सकाळी स्टेशनला जोडणार. उद्या दादाकडे जाते. सगळं सांगते. त्याच्या तोंडावर हसू बघायचंय मला, बस्स.

११ मार्च

सांगितलं. दादा हसला नाही. एवढंच विचारलं, "पट्टे कुणी बांधले?"

"मी. आणखी कोण?"

उठला. डेपोतला पट्टा आणला, तसंच बकल. स्टुलावर पाण्यानं भरलेला कॅन ठेवला. म्हणाला, "बांध." बांधला. ओढून बघितला, घट्ट. मग दोन्ही हातांनी स्टूल धरून हलवायला लागला. हलवतच राहिला. माझ्या डोळ्यांदेखत पट्टा बकलातून सरकला, सरकला, आणि कॅन फरशीवर. स्वयंपाकघरात पाणीच पाणी. वहिनी दारात थिजून उभ्या.

"तू उलट्या बाजूनं ओवतेस. आधीपासून. ओढलं तर धरतं, हादरलं की सोडतं. तुझ्या मागून मी काढून सरळ ओवायचो. त्या दिवशी तेवढं राहिलं. दाढ..." मग बाकीचंही सांगितलं. इस्त्रीनं दार उघडलंच नव्हतं. त्याला सगळं ठाऊक होतं. दादानं त्याला शपथ घातली होती.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडले. तो माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिला.

नव्या साहेबाला फोन केला. म्हणाला, "आठही घट्ट होते, कागदावर आहे. तुम्ही थकलायत, आराम करा." आता हे वर कुणाला सांगायचं, कसं पटवायचं, ते एकालाच माहीत, इस्त्रीला. सकाळ व्हायच्या आत. दादा नंबर लावून उभा आहे. मी म्हटलं, थांब, आधी लिहून घेते, नाहीतर ऐनवेळी जीभ वळायची नाही —

साहेब, मी खोटं बोलले. फोन ठेवू नका. पट्टे मी बांधलेत.